शेवटच्या ओळीचं पाणी

आडगावच्या अलीकडे, हायवेच्या ट्रकांनी काचा थरथरतात
त्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर माझी खोली.
पेनाएवढा एक सूक्ष्मदर्शक, जिभेखाली धरायचा.
एक फ्रीज. एक पंखा, तीनवरच चालणारा.
प्रबंधाचं नाव इतकं लांब
की आई शेजारी सांगते, "रक्तात काहीतरी करते."

बरोबरच आहे तिचं.

केदू पगार, वय एक्कावन्न, धंदा ठिबक जोडणी.
दिंडोरीकडच्या बागेत पायात तार घुसली,
आठ दिवस हळद भरली, नवव्या दिवशी
आणला तेव्हा बरळत होता,
नाडी दोऱ्यासारखी, दोराही जुना.
सलाईन गेलं. अँटिबायोटिक गेलं.
नसा आवळणारं औषध पंपातून, मोजून.
पहाटे तीनला मॉनिटरवर एकशे दहा.
सिस्टर म्हणाली, आला बाई वर.
त्याच्या बायकोने मॉनिटरलाच हात जोडले.

मी गुडघे पाहिले.
दोन्हींवर जांभळी जाळी उमटलेली.
नख दाबलं, सोडलं, मोजत राहिले
एक
दोन
तीन
चार
पाचव्याला रंग परतला, नाइलाजाने,
उधारी फेडायला आलेल्या माणसासारखा.
लॅक्टेट सहा.

जिभेखाली उजेड धरला.
मोठ्या वाहिन्यांत पूर,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागतो तसा,
आणि शेजारच्या बारीक बोळांत
तांबड्या पेशी उभ्या.
पेशी बोळाहून रुंद असते,
अंग दुमडल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही,
आणि त्या विषात तिचं अंगच ताठरलेलं.
पाठीवर प्राणवायू होता की! भरपूर होता.
बोटावरचा चिमटा अठ्ठ्याण्णव सांगत होता.
फक्त पोचत नव्हता.

अहिरराव मॅडम म्हणतात, दाब म्हणजे प्रवाह नव्हे,
लिहून ठेव.
चार वर्षं मी लिहूनच ठेवत होते.

सातव्या दिवशी त्याच्या घशातली नळी निघाली.
घोगऱ्या आवाजात विचारलं त्याने,
माझ्या तोंडात काय बघत होत्या, ताई?
सांगितलं, जमेल तसं.
तो उशीवर जरा सरकला, कामाचं बोलायला बसतात तसा.
"मोटर चांगली. फिल्टरपाशी काटा दीड किलोवर.
मालक म्हणतो, पाणी चालू आहे.
मी नाही मानत.
चपला काढून शेवटच्या ओळीला जातो,
मातीत बोट घालतो.
वेल लवकर बोलत नाही, ताई. पानं बोलतात,
पण तोवर निम्मी बाग गेलेली असते."

मग काय करता?
"शेवटची टोपी उघडायची. गाळ वाहू द्यायचा."

माणसाला शेवटची टोपी नसते, दादा.

तो हसला, खोकला,
मग चादर सारून डाव्या पायाकडे पाहिलं.
दोन बोटं काळी, सोमवारी काढायची होती.
"ही शेवटची ओळ का?"
मी हो म्हणाले.
दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लॅपटॉप नेला, त्याचंच चित्र दाखवलं.
त्याने पूर कडेला सारला, धंद्याची नजर,
थेट एका बोळावर बोट ठेवलं.
एक पेशी अडलेली.
मागून दुसरी आली, टेकली,
सतरा सेकंद काही नाही,
मग पहिली वाकली, चपटी झाली,
आणि गेली.
"चालू झाली बघा," तो म्हणाला,
बायकोला हाक मारली, तिलाही दाखवलं,
पुन्हा लाव म्हणाला.

माझ्या तक्त्यात त्या वाहिनीला मी एक गुण दिला होता.
तीनपैकी एक. म्हणजे अधूनमधून.
तो बदलला नाही, बदलता येत नाही.
शेरा लिहायला शेवटी अरुंद रकाना असतो,
चार वर्षं रिकामाच होता.
तिथे लिहिलं:
रुग्णाने स्वतः ओळखली.

मॅडम खोडतील बहुतेक.