जंगम मालाची यादी

शिवाजीनगरहून निघताना नाझर म्हणाले,
कासेवाडीत घर पत्त्यानं सापडत नाही,
मीटर नंबर विचारा.
पण मीटर कंपनीनं काढून नेला त्याला तीन वर्षं झाली.
भिंतीवर एक चौकोन उरलाय,
बाकी भिंतीपेक्षा उजळ,
चार स्क्रूंची चार भोकं.
त्यावरून सापडलं.

हुकूमनामा एकतर्फी. नाव नवऱ्याचं :
परशुराम किसन गायसमुद्रे.
तो चाकणला वॉचमन, गुरुवारी येतो.
आज मंगळवार.
घरात कौतिकाबाई, आणि कोळशाची इस्त्री, तापलेली.
मागच्या खेपेला समन्स दाराला मीच चिकटवलं होतं.
ते आता फळीवर डब्यांखाली घातलंय,
माझी सही वर.

वाचून दाखवलं.
वीजबिलाची मुद्दल अठरा हजार चारशे बत्तीस.
व्याज, कोर्ट फी, वकील फी, नोटिशीचा खर्च धरून
सत्तावीस हजार सहाशे अकरा.
बाई म्हणाल्या,
वीज तर मीटरबरोबर गेली ना साहेब,
मग हे वाढतंय कशावर?

बेलिफाच्या नोकरीत एकोणीस वर्षं झाली.
असल्या प्रश्नाला रकाना नाही.

पंच बोलावले. शेजारचे मेहबूब नालबंद,
आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला, जो
सही कुठे एवढंच विचारत राहिला.
भरदुपारी आत काळोख.
मोबाइलच्या टॉर्चवर लिहायला घेतलं, बॅटरी नऊ टक्के.

कलम साठ सांगतं :
स्वयंपाकाची भांडी सोडा.
अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण सोडा.
बाईच्या गळ्यातलं सोडा.
कारागिराची हत्यारं सोडा.
राहता राहिलं ते असं :
टेबल फॅन एक, पातं वाकलेलं.
मिक्सर एक, झाकण नाही.
टीव्ही एक, त्यावर गणपती. गणपती सोडून.
विजेची इस्त्री एक.

इथं अडलो.
वीज नसलेल्या घरातली विजेची इस्त्री
हत्यार, की माल?
नाझरांना फोन लावला. म्हणाले,
तुमचं तुम्ही बघा, माझं जेवण चाललंय.
आणि फोन विझला. टॉर्चही.

कोणीच बोलेना.
कोळसा तेवढा इस्त्रीत कडकड वाजत होता.
मग बाईंनी नालबंदांकडे पाहिलं.
नालबंदांनी माझ्याकडे.
नंतर मान हलवली, अगदी थोडी,
आणि बाईंनी माळ्याच्या कडेला हात घालून
काहीतरी खटकन दाबलं.

नऊ वॅटचा बल्ब.
त्याच्यामागे लाल-काळी वायर,
माळ्यावरून, पत्र्याच्या फटीतून,
सरळ पंच क्रमांक एकच्या घरात.
बल्बखाली शाळेचं दप्तर,
अर्धवट सोडवलेलं गणित.

मी खाली बघून लिहीत राहिलो.
वायर यादीत घेतली नाही.
इस्त्री घेतली नाही. समोर लिहिलं : हत्यार.
शेवटी नेहमीचं वाक्य येतं, ते आलं :
सदर पंचनामा पुरेशा उजेडात, समक्ष जागेवर केला.
नालबंदांनी सही केली, उर्दूत, सावकाश.

फ्रीज राहिला होता. उघडला.
आत साड्या. घड्या करून, कप्प्याकप्प्यात,
बर्फाच्या जागी लहान मुलीचे मोजे.
कपड्यांना सूट, फ्रीजला नाही.
बाईंनी एकेक घडी काढून अंथरुणावर ठेवली,
अंथरुणालाही सूटच आहे.

कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन येणार होता.
आला नाही. हमालीही भरलेली नव्हती.
मग माल बाईंच्याच ताब्यात दिला,
सुपूर्तनाम्यावर अंगठा नाही, सही :
कौतिका, जोडाक्षर नीट जमवून घेतलेलं आडनाव.
समजावलं,
आता हे सगळं कोर्टाचं आहे.
विकायचं नाही, हलवायचं नाही,
मागतील तेव्हा हजर करायचं.

त्या हो म्हणाल्या.
मी पिशवीत कागद भरले, चपला घातल्या.
तेवढ्यात मागून :
मग साड्या परत आत ठेवू का?

कायद्यात बघायला हवं होतं.
ठेवा, म्हटलं.