बिनजोड

एकतीस वर्षं रबाळ्याला लेथ चालवली.
गोल वस्तूची मला भीती नाही.
पण लोखंड धरलं तिथं थांबतं,
सूत थांबत नाही.

समोरच्या लीलाम्मा, निवृत्त नर्स,
चार सुया घेऊन आल्या.
म्हणाल्या, तिघींवर टाके वाटून द्यायचे,
चौथी मोकळी. काम तीच करते.
ती भरली की पुढची रिकामी होते,
मग तिची पाळी.
हे लगेच कळलं. आमच्या शिफ्टा अशाच असायच्या.

शिवण कुठंच नको, म्हणाल्या.
शिवण शालनच्या अंगावर आहे आधीच,
काखेपासून मधल्या हाडापर्यंत.
तिच्यावर दुसरी घासली
की रात्र गेली.

पहिला वेढा जोडताना पीळ पडू द्यायचा नाही,
हेही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.
दोन बोटं विणून झाल्यावर दिसलं,
कडं आठाच्या आकड्यासारखं वळलेलं.
सुंभ जळेल, पण पीळ?
सगळं उसवलं.
शालन पलंगावरून बघत होती.
"तुमचं बरंय," म्हणाली, "तुमचं उसवता येतं."
मी धागा गुंडाळत राहिलो.

अंगाच्या रंगाचं सूत नेरूळला नव्हतं,
वाशीलाही नव्हतं.
दुकानदार म्हणाला, हे न्या. अबोली.

आणि माप.
डावीचं माप घेऊ का, हे विचारायला
मला तीन दिवस लागले.
खिशात व्हर्नियर होता.
ती हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.
"तो ठेवा," म्हणाली. "ओंजळीनं घ्या."

छत्तीस टाके. वाढवत साठ.
मग एका फेरीआड दोनांचा एक, दोनांचा एक,
शेवटी आठ उरतात.
आठांतून धागा ओवायचा, ओढायचा:
भोक मिटतं.
मागच्या तोंडाला नाडी,
धुताना आतलं काढता यावं म्हणून.
आत सावरीचा कापूस,
बेलापूरच्या टेकडीवरून वेचून आणलेला,
बिया काढता काढता नाकातोंडात गेलेला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत
ते तिच्या गळ्याशी चढून बसलं.
हलकं झालं होतं.
जुन्या बेअरिंगमधले छर्रे होते डब्यात,
ते चिंधीत बांधून तळाशी घातले.
"किती ग्रॅम पाहिजे?" विचारलं.
"जे काढलं, ते मला कुणी तोलून दाखवलं?"

मग रोज चार-चार छर्रे कमीजास्त करत
नवव्या दिवशी
ती मासळी बाजारात जाऊन आली,
बोंबलांवरून भांडून,
आणि घरी येईपर्यंत
एकदाही खांदा वर ओढला नाही.
मी खिडकीतून मोजत होतो.

आज ते गॅलरीत वाळतंय.
माझ्या दोन बनियनांच्या मधोमध,
नाडीला चिमटा, अबोली, रिकामं,
वाऱ्यानं जरा फुगतं, जरा बसतं.
खालून अख्खी सोसायटी जाते.

मी म्हणालो, आत घालू का? उन्हानं रंग विटेल.

ती कोथिंबीर निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मग दुसरं विणा."