चुलीतला च

पहिल्या तासाला चोळकर बाईंनी गणित शिकवलंच नाही.
फळ्यावर इंग्रजीत नऊ नावं लिहिली, म्हणाल्या, वाचा.
आम्ही वाचली: यूलर, जेकोबी, वीअरस्ट्रास,
रायमन, लेबनिझ.
बाईंनी खडू ठेवला आणि डोळे मिटले,
भाताच्या घासात खडा लागावा तसे.

‘ज्याच्या प्रमेयावर पास व्हायचंय
त्याला निदान नीट हाक मारा.’

मग सुरू झालं.
जोडस्वर आला की दुसऱ्या अक्षराचं नाव घ्या, बस.
दुसरा ई असेल तर ई, आय असेल तर आय.
म्हणून रीमान. म्हणून लाइबनि... आणि इथे थांबून:
‘च. चहातला नाही, चुलीतला.
मराठी पोरांनो, हा तुमच्या घरी रोज असतो,
वर्गात आणायला लाजता कशाला?’

याकोबी, कारण त्यांचा ज म्हणजे आपला य.
ऑयलर, तेलाच्या घाण्यावरचा वाटला तरी ऑयलर.
आणि न्योटरसाठी
ओठ ओ म्हणायला गोल करायचे, आतून म्हणायचं ए.
सत्तावीस जण तोंडाचा चंबू करून बसलो होतो
तेव्हा व्हरांड्यातून पुढे गेलेला शिपाई
मागे येऊन बघून गेला.

डिरिश्ले की डिरिक्ले?
‘त्यावर त्यांचंच एकमत नाही. तिथे तुम्हाला सूट.’

बाई जर्मनीला कधी गेल्या नव्हत्या.
पीथमपूरच्या कारखान्यात आलेल्या कुणा इंजिनियरची बायको
पलासियात त्यांच्या शेजारी राहिली, दोन हिवाळे.
तिने बाईंना ओठ शिकवले,
बाईंनी तिला भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती हिंदी.

आणि सगळं इंदूर बाईंना चोलकर मॅडम म्हणायचं.
बँक, गॅसवाला, प्राचार्य, पगाराचा कारकून.
च चहातला, ळ-च्या जागी ल.
तीस वर्षं. बाईंनी एकदाही कुणाला टोकलं नाही.
मी मोघे. माझं नाव मोडायला जागाच नाही,
म्हणून हे मला दिसायलाही उशीर लागला.

एकदा विचारलं, रीगल चौकात रिक्षाची वाट बघताना.
पर्समधली बडीशेप माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या,
‘ऑयलरला स्वतः येऊन सांगता येत नाही ना गं.
मी तर जिवंत आहे.’
तेव्हा पटलं होतं. आता पुरतं पटत नाही.

निवृत्तीच्या समारंभाला आम्ही जुन्या मुली गेलो.
मार्च संपत आलेला, लाइट गेलेली,
माइक कुठूनतरी बॅटरीवर चाललेला.
‘अब आदरणीया चोलकर मैडम...’
मागच्या रांगेत एक मुलगा उभा राहिला.
ओंकार पंवार, देपालपूरकडचा. 
वर्गात कधी तोंड उघडत नाही, असं नंतर कळलं.
‘चोलकर नहीं, सर. चोळकर.’

तो ळ!
जीभ मागे वळवून, टाळूला लावून, सोडलेला,
अगदी घरचा.
त्याच्या माळवीत तो होताच की,
त्यांच्या बैलाचं नावच काळ्यो होतं.
कॉलेजात येताना तेवढा
बसथांब्यावर ठेवून यायचा, इतकंच.

लोक हसले. सूत्रसंचालक कागदात बघू लागला.
बाई उठल्या. लिहून आणलेलं भाषण
चार घड्या करून पर्समध्ये टाकलं.
माइकपाशी बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या,
‘ळ बरोबर.
च अजून चहातला आहे.
अर्धे मार्क.’

नंतर लाइट आली, पोहे आले, शेव संपली.
जिन्यात कठड्याला टेकून ओंकार एकटाच
दातांमागे जीभ लावून बघत होता,
च, च, च,
भिंतीवर पाल चुकचुकावी तसा.
त्यातला एखादा बरोबर लागला असेलही.
मी पोह्यांच्या रांगेत होते.