आकृती ४.३

नंदुरबारच्या बाहेर, पथारीवर
मिरची वाळत घातलेली, जमीन दिसू नये इतकी.
पहिल्या दिवशी मी पंधरा वेळा शिंकले.
बायका हसल्या.
त्या शिंका माझ्या नोंदवहीत नाहीत.

प्रबंधाचं नाव दीड ओळीचं आहे.
घरी मी नुसतं "कॅमेऱ्यांचा अभ्यास" म्हणते.
आई विचारते, फोटोग्राफी का गं?

खांबांवर चार कॅमेरे.
दोन गोण्या गेल्या होत्या, त्यानंतर लावलेले.
शेठचा मुलगा कल्पेश सुरतेत बसून
मोबाइलवर पथारी बघतो.
मुकादम सांगत होता, रात्री अकराला फोन येतो:
तिसऱ्या रांगेत कुत्रं शिरलंय.

माझी प्रश्नावली बत्तीस प्रश्नांची.
प्रश्न सात: कॅमेरे आल्यापासून सुरक्षित वाटते का?
अजिबात नाही, थोडे, बरेच, खूप.
झिणाबाई वळवीने देठ खुडता खुडता विचारलं,
"कोनले? मिरचीले?"

पेन हातात राहिलं. कुठल्याच चौकटीत
ते मावत नव्हतं.

सव्वीस दिवस बसले मी त्यांच्यात.
पूर्वी दुपारी पोत्यांना टेकून पाय लांब करायच्या,
आता करत नाहीत.
बोलतात, पण ओठ फारसे न हलवता;
त्यांना कुणीतरी सांगितलंय की कॅमेरा ऐकतोसुद्धा.
ऐकत नाही. मी मुकादमाला म्हटलं, सांगा ना त्यांना.
तो म्हणाला, असू द्या ताई, बरं चाललंय.
आणि त्या दोन गोण्या, हेही त्यानंच सांगितलं,
ट्रकवाल्यानं नेल्या होत्या.

वजनकाट्यामागे
बारदानाची थप्पी आणि पत्र्याची भिंत,
मध्ये साडेतीन हात जागा.
चारांपैकी एकाही डोळ्याला ती दिसत नाही.
तिथे रमकू बाळाला पाजायला नेते.
आधी ताकाने हात धुते, मग पाण्याने, मग पदराला पुसते,
तरी बाळाच्या गालाला कुठेतरी तिखट लागतंच.
तिथे तंबाखूची पुडी निघते, नवऱ्यांची उणीदुणी निघतात.
तिथे बोंडीबाईनं एकदा मुकादमाचं काही सांगितलं.
ते मी रेकॉर्डर बंद करून ऐकलं.

आणि मग मी ती जागा पावलांनी मोजली.
खांबांची उंची विचारली, कोन काढले,
खोलीवर येऊन रात्रभर नकाशा केला:
दिसतं ते सगळं राखाडी,
मधोमध एक पांढरा त्रिकोण.
इतकं सुबक मी आयुष्यात काही काढलं नव्हतं.

सर खुर्चीतून उठलेच.
म्हणाले, हेच तुमचं योगदान.
हे इंग्रजीत लिहा, बाहेर पाठवा.

कल्पेशला इंग्रजी येतं.

निघायच्या दिवशी झिणाबाईनं विचारलं,
"तुना कागद कोन वाचस?"
म्हटलं, तीन जण. फार तर चार.
"आन त्याले कोन देखस?" हनुवटी खांबाकडे.
एकच जण.
"मंग तू त्यानापेक्षा मोठी शे व माय."
हसता हसता तिला ठसका लागला,
मी पाणी दिलं,
आणि त्या क्षणी, लाज वाटते सांगायला,
मनात तारीख आणि वेळ टिपून घेतली.

प्रबंध जमा झाला. पान एकशे बारावर
आकृती ४.३ ची नुसती चौकट आहे.
खाली बारीक अक्षरात: सहभागी व्यक्तींच्या हितासाठी
आकृती दिलेली नाही.
परीक्षकांनी पेन्सिलीनं शेजारी लिहिलं,
छपाईत राहिली का?

मूळ कागद मी फाडला नाही.
कपाटात आहे, हिवाळ्याच्या कपड्यांखाली.
कुणाला दाखवलेला नाही, सर सोडून.

परवा मुकादमाचा फोन आला, सहज.
या पौषात पाचवा कॅमेरा लागला म्हणाला.
कुठे,
ते मी विचारलं नाही.