समास

गुरुवारी रात्री पान पांढरं होतं,
शुक्रवारी उठून पाहिलं तर काळं.
फोटोंच्या भोवतीची बोटभर जागा गेली.
खालची ओळ गेली,
"तोझचा वारा, लेन्स पुसली बनियनने"
असं काहीबाही मी लिहायचो ती.
आता माउस नेऊन टेकवला तर दिसते,
नाहीतर नुसते फोटो, कडेला कड,
कंपनीच्या बसमध्ये दुपारी आम्ही असतो तसे.

हनीफ मुकादम चौथ्या मजल्यावरून अनवाणी खाली आला.
"इचारलान तरी का कोणी?"
सहा वर्षांची गलबतं त्याची, फहाहीलच्या धक्क्यावरची,
प्रत्येकाखाली नाखव्याचं नाव.
नावं बुडाली,
आणि बोटी एकमेकींवर चढल्यात.

वसईची एस्तेर लोपीस रात्रपाळी करून आली होती.
म्हणाली, पाच दिनारचं कार्ड घातलं,
अर्धं पान उघडेपर्यंत संपलं.
मग खुबूसचा तुकडा चहात बुडवून
तशीच बसून राहिली.

स्टोअरचा कुरियन हसला.
नवा फोरमन आला की हत्यारांची फळी हलवतोच.
तीन आठवडे शिव्या,
मग हात आपोआप तिकडे जातो.

माझा जात नाही.
महबूल्याच्या या खोलीत खाटा सहा, दोनावर एक,
वरच्याचे पाय खालच्याच्या नाकासमोर,
आणि भिंत म्हणून टांगलेला टॉवेल.
मोकळी म्हणावी अशी माझी जागा
त्या पानावरच होती.
शाळेत पाटणकर बाई सांगायच्या, आधी समास आखा.
मी विचारलं होतं, त्यात काय लिहायचं?
तू काही नाही, त्यात मी लिहिणार.
वर्षभरात एकदाच लिहिलं त्यांनी, लाल शाईत: बरे.

आम्ही तक्रार लिहिली.
इंग्रजी कुरियनने तपासलं,
"कृपया" दोन ठिकाणी खोडलं, एक ठेवलं.
तासाभरात उत्तर आलं, आपलं मत आम्हाला मोलाचं आहे.
हनीफने ते तीनदा वाचलं,
तिसऱ्यांदा कव्वालीच्या चालीवर.

मग एस्तेरला आठवला जनू घाग.
परातीवाला. परांची बांधायचा, शिळं उरलेलं परातीत घालून
मांजरांना द्यायचा, म्हणून परातीवाला.
गावी गेला तो पासवर्ड सोबत घेऊन,
गेल्या गणपतीपासून फोन लागत नाही.
त्याचं पान कोण वाचवणार?
त्याचं पानही काळं झालं असणार,
न विचारता.

उघडलं.
एक्केचाळीस फोटो, सगळे एकाच भिंतीचे.
आम्ही हसायचो तेव्हा, कॅम्पच्या कंपाउंडची भिंत!
दर फोटोखाली तारीख, बाकी काही नाही,
आणि मधे पांढरं.
आज पांढरं नव्हतं.
पोपडा पोपड्याला जाऊन मिळाला होता,
एका फोटोतली भेग पुढच्यात चालू होती,
पाण्याच्या पाइपचा ओघळ तिसऱ्यात खाली उतरत होता.
दर शुक्रवारी दोन पावलं सरकून
घाग अख्खी भिंत उचलत होता,
आणि हे आम्हाला कळलं
ते कुणीतरी आमचा समास पुसला म्हणून.
बाईंचा दुसराही एक समास होता, व्याकरणातला:
दोन शब्द जवळ आले की मधलं गळून पडतं.
तो मला कधी जमला नाही.

हनीफ तरी गेलाच.
तीन रात्री जागून सगळी गलबतं डिस्कवर उतरवली,
नाखव्यांची नावं वहीत, हाताने.
बरोबरच केलं त्यानं.

मी अजून तिथेच आहे, रागासकट.
फक्त तेवीस आणि चोवीसमध्ये भिंत जुळत नाही.
वाव-दीड वाव तुटते, भेग एकीकडे, ओघळ भलतीकडे.
त्या शुक्रवारी वारा असेल, ओव्हरटाइम असेल,
किंवा तिथे काहीतरी असेल
जे घ्यायचं नव्हतं त्याला.
कॅम्प आता दुसऱ्या कंपनीकडे आहे.
दारावरचा बांगलादेशी ओळखीचा आहे म्हणतात.
येत्या शुक्रवारी, ऊन उतरल्यावर,
कॅमेरा न घेता
एकदा जाऊन बघतो.