पसंतीक्रम

गलात्सच्या कारखान्यात, जुन्या भोजनगृहात
माझ्यासमोर टेबल, टेबलावर फॉर्म
आणि दोरीनं बांधलेलं पेन,
कुणी नेऊ नये म्हणून.

फॉर्म म्हणतो : कोळशाची भट्टी विझणार आहे.
विजेची येईल. माणसं कमी लागतील.
खाली पाच चौकोन. एक ते पाच आकडे घाला :
पगार, प्रशिक्षण, लवकर पेन्शन,
दुसऱ्या गावी बदली, नोकरीची हमी.

झाम्फिरा क्रेनवरची. एकतीस वर्षं
छपराखाली, लोखंडी पिंजऱ्यात.
तिनं पाचही चौकोन मोकळे सोडले
आणि समासात लिहिलं :
बसायला उंच जागा हवी.
खालून माणसं फार मोठी दिसतात.

नेकुलाय हसला. हिरवं पोलाद म्हणे!
माझ्या थुंकीचा रंग बदलेल का, तेवढं विचार.
विचारलं असतं. त्याला चौकोन नव्हता.

तरण्या रझवाननं प्रशिक्षणाला एक दिला,
खोडला, पुन्हा दिला.
कागदाला भोक पडलं.

पानाइत सगळ्यांत शेवटी आला, टोपी हातात.
त्याची बायको तोरिनोत
कुणा परक्या म्हातारीचं अंथरूण-पांघरूण करते.
म्हातारी दीडला झोपते. मग ही फोन लावते.
इथं तेव्हा अडीच,
भट्टीचं तोंड नुकतंच मातीनं लिंपलेलं,
वीस मिनिटं हाताशी.
नऊ वर्षं त्या वीस मिनिटांत संसार चाललाय :
गॅसचं बिल, मुलाचा दात,
एक भांडण, चार रात्री पुरवून वापरलेलं.

रात्रपाळी राहील का? त्यानं विचारलं.

मी कागद चाळले.
नवी भट्टी दोब्रोजातल्या पवनचक्क्यांवर चालेल.
वीज स्वस्त असेल तेव्हा पेटेल.
पाळी आदल्या दिवशी कळेल.

म्हणजे वाऱ्यावर, तो म्हणाला.
त्या शब्दाचा दुसरा अर्थ
आम्हां दोघांनाही ठाऊक होता.
कुणीच बोललं नाही.

मग त्यानं पेन उचललं, दोरी पुरेना,
टेबलच थोडं ओढून घेतलं
आणि पहिल्या चौकोनात, बारीक अक्षरात :
अडीच ते दोन पन्नास.

संगणक वेळ घेत नाही. एक ते पाचच घेतो.
सगळे फॉर्म चढवून झाले,
त्याचा अजून माझ्या खणात आहे.
वर साहेब विचारतात, एक कमी कसा?

संध्याकाळी टेबल आवरायला गेलो
तर पेन नव्हतं.
दोरीसकट नेलं होतं कुणीतरी.