थांब कोण म्हणालं

बातमी धुळ्याच्या पेपरात सातव्या पानावर आली,
मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली, चार ओळी:
विश्राम अत्तरदे, निवृत्त कॅनॉल इन्स्पेक्टर,
पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं.
‘काजळवेस’चं नाव नव्हतं.
तांबोरीचं तर नव्हतंच,
जी पाच वर्षं नवव्या दरवाजाच्या कडीला हात लावून उभी आहे
आणि मागून कुणीतरी म्हणालंय, थांब.

तिथं आठवा भाग संपतो.

माझं झेरॉक्सचं दुकान अमळनेरात, कोर्टासमोर.
वाचनालयात आठव्या भागाची एकच प्रत,
नंबर लावलेले एकेचाळीस.
एका रात्रीत मी चारशे बारा पानांच्या अकरा प्रती काढल्या.
मशीन इतकं तापलं की टेबलफॅन त्याच्याकडे फिरवला
आणि घामात बसून शेवटचं पान आधी वाचलं.
हे पाप माझ्या नावावर.
पैसे मीच बुडवले त्यांचे,
आणि पत्रंही मीच लिहिली, दर दिवाळीला, दर आखाजीला:
तब्येतीला जपा. साखर सांभाळा. उन्हाचं फिरू नका.
काळजी कसली, तगादा होता तो.
उत्तर एकदाच आलं, खात्याच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर:
‘पाणी सुटलं की कळवतो.’

त्या संध्याकाळी कुणी न बोलावता सगळे दुकानात आले.
शेवंता बोरसे, नर्स, ड्युटीच्या कपड्यांतच.
सुरत पॅसेंजरचा गार्ड मुबारक तडवी,
काखेत हिरवा झेंडा गुंडाळलेला.
धुडकूआप्पा शिंपी, ज्यांना दिसत नाही,
आणि त्यांना वाचून दाखवणारी नात, कोमल, नववीतली.
‘मरी गया?’ आप्पा म्हणाले.
‘मंग थांब कोन म्हनना?’

पंख्याचा आवाज.

मग शिव्या सुरू झाल्या, मेलेल्या माणसाला, अगदी मनापासून.
पाच वर्षं काय करत होता?
पारोळ्याच्या लग्नात मी पाह्यलाय, पंगतीत बसून मांडे खात होता!
‘खाऊ नये का त्यानं?’ शेवंता म्हणाली,
आणि मग तीच सर्वांत वाईट बोलली त्याला,
बोलता बोलता खाली बसली, कागदाच्या रिमवर.
मुबारक म्हणाला, आपणच लिहू की शेवटचा, एकेक प्रकरण वाटून घेऊ.
कोमल म्हणाली, हात लावून पाहा.
कोणी लावला नाही.

महिन्यानं आखाजी आली.
घरोघर नव्या घागरी, वर खरबूज, सांजोऱ्या,
वर्षात गेलेल्यांच्या नावानं.
धुळ्याला त्यांची मुलं भरतील, तो त्यांचा मान.
आप्पांनी मात्र कुंभारवाड्यातून एक घागर आणली
तांबोरीसाठी, तिचं कोणी नाही म्हणून.
कोमलनं ती माझ्या दुकानाच्या पायरीवरच अडवली.
‘ती मरेल नही शे, आप्पा.’
‘मंग कोठे शे?’
‘दारजोडे. उभी शे.’
आप्पांनी घागर हातातच धरून ठेवली बराच वेळ,
कुठं ठेवावी हे त्यांना खरंच कळेना.
आता ती झेरॉक्स मशीनशेजारी असते.
सातबाऱ्याच्या नकला काढायला आलेले पाणी पितात,
कोणाच्या नावाचं, विचारत नाहीत.

माझी आणि मुबारकची जुनी पैज होती.
मी म्हणायचो, तो आवाज लोहाराचा.
तो म्हणायचा, तिच्या आईचा.
नववा भाग आला की हरणाऱ्यानं शेवभाजी द्यायची,
स्टँडमागच्या ढाब्यावर.
काल गेलो.
तर्री अशी की दोघांचीही नाकं वाहायला लागली
आणि ते बरंच झालं.
बिल अर्धं अर्धं दिलं.
सायकलचं कुलूप काढताना तो म्हणाला,
लोहारच असंल यार, तुझंच खरं.
मी म्हटलं, नाही रे.
आई.